ब्लेझब्लू क्रॉस टॅग बॅटल: रिव्ह्यूवाल्यांना नक्की काय खटकलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेम २०१८ चा आहे पण सेल लागला की दरवेळी तेच प्रश्न परत येतात, "स्कोअर तर बरा दिसतोय मग लोक शिव्या का घालतायत" आणि "अर्धा गेम विकला होता म्हणे, खरं का". दरवेळी पहिल्यापासून टाइप करायचा कंटाळा आला म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय. मी ब्लेझब्लूचा जुना खेळाडू आहे त्यामुळे थोडा पक्षपात असणारच, तो धरून वाचा.

आधी हे सांगा, हा गेम म्हणजे नक्की काय?

दोन विरुद्ध दोन असा टॅग फायटर, म्हणजे प्रत्येकाकडे दोन लढवय्ये आणि लढता लढता त्यांची अदलाबदल. बनवला आर्क सिस्टम वर्क्सने, म्हणजे गिल्टी गिअरवाली योकोहामाची कंपनी. चार वेगवेगळ्या घरची माणसं एका रिंगणात आणली. त्यांची स्वतःची ब्लेझब्लू मालिका जी २००८ मध्ये आर्केडमध्ये सुरू झाली, अ‍ॅटलससोबत केलेला २०१२ चा पर्सोना ४ अरिना, फ्रेंच ब्रेड नावाच्या छोट्या जपानी टीमचा अंडर नाइट इन-बर्थ, आणि चौथी रूबी, जी मुळात गेम नाहीच, अमेरिकेतल्या रूस्टर टीथची २०१३ पासूनची अ‍ॅनिमेटेड वेबसिरीज आहे. घोषणा झाली २०१७ च्या इव्होमध्ये, म्हणजे फायटिंग गेमच्या मोठ्या वार्षिक स्पर्धेत, लास वेगासला. ट्रेलरमध्ये बाकीचे तीन बघून लोक खूश झालेच पण शेवटी रूबीचं नाव आलं तेव्हा जो आरडाओरडा झाला तो वेगळाच होता, कारण ते कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

गेम बाहेर पडला ३१ मे २०१८ ला जपानमध्ये, ५ जूनला अमेरिकेत आणि २२ जूनला युरोपात. पीएस ४, स्विच आणि पीसी. एक्सबॉक्सवाल्यांना थेट २०२३ पर्यंत थांबावं लागलं.

मग रिव्ह्यू एकूण चांगले होते की वाईट?

चांगले. हे आधी डोक्यात बसवा, कारण नंतर जी बोंबाबोंब झाली त्यामुळे लोकांना वाटतं की गेम आपटला होता. आपटला वगैरे काही नव्हता. सरासरी स्कोअर साधारण सत्तरीच्या वरच्या अंगाला, म्हणजे शाळेच्या भाषेत चांगले मार्क पडले. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये बेस्ट फायटिंग गेमच्या नामांकनातही होता, फक्त जिंकला ड्रॅगन बॉल फायटर झेड, जो त्याच कंपनीने बनवलेला. घरातच हरला म्हणा.

गंमत अशी की त्या वेळचे आठ-दहा रिव्ह्यू सलग वाचले तर साचा जवळपास एकच दिसतो. पहिले तीन परिच्छेद लढाई किती मस्त आहे, किती वेगवान आहे, शिकायला किती सोपी आहे, दोन कॅरेक्टर एकत्र मारतात तेव्हा कसलं भारी दिसतं. मग "पण" येतो आणि त्या पणच्या मागे तीन गोष्टी, डीएलसी (गेमच्या वर वेगळा डाउनलोड करायचा जादा माल), जुन्या स्प्राइट (कॅरेक्टरची टूडी चित्रं) आणि स्टोरी. मार्क कापले गेले ते या तीन ठिकाणी. माझं म्हणणं इतकंच आहे की यातली पहिली तक्रार गेमबद्दल नव्हती, दुकानाबद्दल होती, आणि ज्या गोष्टीने पुढची चार वर्षं गेमला खरंच मागे ओढलं तिच्यावर मी वाचलेल्या रिव्ह्यूंमध्ये जेमतेम दोन ओळी होत्या. ते खाली नेटकोडच्या (ऑनलाइन दोघांना जोडायच्या पद्धतीच्या) प्रश्नात सांगतो.

ते २० आणि २० चं प्रकरण काय होतं?

२०१८ च्या सुरुवातीला, गेम यायला अजून चार-पाच महिने होते तेव्हा, कंपनीने सांगून टाकलं की एकूण ४० कॅरेक्टर असतील, त्यातली २० गेममध्ये आणि उरलेली २० डीएलसी म्हणून विकत. बास, भडकाच उडाला. डीएलसी कॅरेक्टर काही नवीन गोष्ट नव्हती, फायटिंग गेमवाल्यांना त्याची सवय होती, पण तोपर्यंतची रीत अशी होती की आधी एक भरलेलं ताट द्यायचं आणि मग वर्षभर चार-सहा पदार्थ वाढत राहायचे. इथे गेम बाजारात यायच्या आधीच सांगितलं की ताटातलं अर्धं बाजूला काढून ठेवलंय आणि त्याचे पैसे वेगळे. गेम किती चांगला असेल याच्याशी त्या रागाचा काही संबंध नव्हता, तो आकड्यालाच होता. ५०-५० हा आकडा दिसायलाच वाईट दिसतो.

आणि ब्लेक-यांगचं?

हा तर कहर होता. रूबी या सिरीजचं इंग्रजी नाव RWBY असं चार अक्षरांचं आहे आणि ती चार अक्षरं म्हणजे चार मुली, रूबी, वाइस, ब्लेक आणि यांग. सिरीजच त्या चौघींच्या टीमची. आणि पहिल्या प्लॅनमध्ये रूबी आणि वाइस गेममध्ये, ब्लेक आणि यांग डीएलसीत. म्हणजे नावातली दोन अक्षरं फुकट आणि दोन विकत. मिसळ मागवली तर पावाचे पैसे वेगळे लावतात तिथपर्यंत आपण समजून घेतो हो, पण इथे मिसळीतली मटकीच वेगळी लावली होती.

रूबीचे चाहते हे फायटिंग गेमवाले नव्हते, बरेचसे पहिल्यांदाच असला गेम घेणार होते, त्यांना या धंद्याची सवय नव्हती आणि ते गप्प बसले नाहीत. शेवटी कंपनीने माघार घेतली आणि ब्लेक व यांग दोघी फुकट देऊ असं जाहीर केलं. तो निर्णय बरोबरच होता पण तोवर गेमच्या नावापुढे "अर्धा गेम" हे विशेषण चिकटलं होतं आणि ते रिव्ह्यू लिहिणाऱ्यांच्याही डोक्यात होतं. जूनमध्ये लिहिलेल्या रिव्ह्यूत जानेवारीचा राग दिसतो तो असा.

पण हिशोब केला तर ४० कॅरेक्टर स्वस्तातच पडली ना?

हो, आणि हा मुद्दा तेव्हाही काही जणांनी मांडला होता. साधा गेम ५० डॉलर, सगळी डीएलसी धरून पुडकं ७० डॉलर. त्या काळात मोठा गेम ६० ला यायचा, म्हणजे दहा डॉलर जास्त देऊन ४० कॅरेक्टर. कागदावर वाईट सौदा नाही. त्याच वर्षी जानेवारीत आलेल्या ड्रॅगन बॉल फायटर झेडमध्ये ६० डॉलरला २४ कॅरेक्टर होती आणि वर सीझन पास, म्हणजे डीएलसीचं एकत्र पुडकं, वेगळा.

तरीही मी लोकांच्या बाजूने आहे, दोन कारणांनी. एक, ड्रॅगन बॉलमधलं एकेक मॉडेल नव्याने बनवलं होतं, इथे बहुतेक कॅरेक्टर आधीच्या गेममधून उचललेली, त्यामुळे "हे तर तुमच्याकडे तयारच होतं की" हा प्रश्न येणारच. दुसरं, टॅग गेममध्ये कॅरेक्टर म्हणजे नुसती सजावट नसते. जोडी जमवणं हाच अर्धा खेळ. २० जणांत जोड्या होतात १९०, आणि ४० जणांत ७८०. म्हणजे अर्धं रोस्टर (कॅरेक्टरांची यादी) काढलं की तुम्ही अर्धा नाही, तीन चतुर्थांश गेम काढता. हे गणित फारसं कुणी मांडलं नाही, मला मात्र खरा मुद्दा हाच वाटतो.

वर काळही वाईट होता. २०१७ च्या सप्टेंबरात मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम इन्फिनिट आला होता, तोही दोन विरुद्ध दोन, आणि त्याची गोची अशी झाली की २०१८ च्या इव्होच्या मुख्य यादीतून तो गायबच झाला. टॅग फायटरवाले आधीच पोळलेले. त्याच यादीत क्रॉस टॅग बॅटलचं नाव होतं आणि यादी जाहीर झाली तेव्हा हा गेम बाजारात आलाही नव्हता, यावरून अपेक्षा कुठल्या होत्या ते बघा.

जुन्या स्प्राइट वापरल्या म्हणजे काय, आणि त्यात एवढं काय?

टूडी फायटरमध्ये कॅरेक्टरची प्रत्येक हालचाल म्हणजे एकेक चित्र. ब्लेझब्लूच्या रॅग्नाने तलवार उगारली, फिरवली, परत खाली आणली, यातलं प्रत्येक चित्र कुणीतरी बसून काढलेलं असतं, आणि एका कॅरेक्टरची अशी शेकडो चित्रं. ते काम महाग आणि प्रचंड वेळखाऊ असतं, त्यामुळे जुनं परत वापरण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, कॅपकॉमने नव्वदच्या दशकात हेच केलं आणि लोकांनी डोक्यावर घेतलं.

पण इथे चार घरची चित्रं शेजारी शेजारी आली. ब्लेझब्लूची माणसं एका हाताची, अंडर नाइटची दुसऱ्या हाताची, पर्सोनाच्या पोरांमागे त्यांचे ते भुतासारखे पर्सोना उभे, आणि एकाच स्क्रीनवर चौघं धावायला लागले की पहिले काही दिवस डोळ्याला खटकतं खरं. लग्नात चार वेगवेगळ्या फोटोग्राफरांनी काढलेले फोटो एकाच अल्बममध्ये लावल्यासारखं. रिव्ह्यूवाल्यांनी यावर बोट ठेवलं ते बरोबर होतं. मात्र दहा तास खेळल्यावर मला ते दिसेनासं झालं हेही खरं.

मग रूबीच्या मुलींचं काय, त्यांच्या जुन्या स्प्राइट कुठून आल्या?

कुठूनच नाही, त्या नव्याने काढल्या, आणि सगळ्या गेममध्ये कौतुकाने डवरलेली गोष्ट हीच. मूळ सिरीज थ्रीडी आहे, तिचं टूडीत रूपांतर करायचं होतं. रूबीचं हत्यार म्हणजे भलामोठा कोयता जो बंदूकही आहे, सिरीजमध्ये ती गोळी झाडते आणि तिच्याच धक्क्याने स्वतःला फेकते. गेममध्ये तुम्ही तिला हवेत उडवून मागे गोळी झाडता तेव्हा ती सरकते, गुलाबाच्या पाकळ्या उधळतात, आणि सिरीज बघितलेल्या माणसाला लगेच कळतं की चित्र काढणाऱ्याने ती बसून बघितली आहे.

यात एक जुना धागा पण आहे. सिरीजचा निर्माता मॉन्टी ओम हा मुळात व्हिडिओ गेमच्या कॅरेक्टरांच्या काल्पनिक मारामाऱ्या अ‍ॅनिमेट करूनच प्रसिद्ध झाला, त्याच्या डेड फँटसीमध्ये दोन वेगळ्या गेममधल्या बायका एकमेकींना भिडतात. तो २०१५ च्या फेब्रुवारीत गेला, वय अवघं ३३. क्रॉसओव्हर मारामारीतून आलेल्या माणसाची पोरं त्याच्या मागे क्रॉसओव्हर फायटरमध्ये उतरली, हे मला अजून भारी वाटतं आणि कुठल्याच रिव्ह्यूत ते वाचल्याचं आठवत नाही.

इंग्रजी आवाजही सिरीजमधल्याच कलाकारांचे आहेत. याच्या आधीच्या ब्लेझब्लू सेंट्रल फिक्शनमध्ये इंग्रजी डब अजिबातच नव्हतं म्हणून लोक चिडले होते, त्यामुळे इथे डब परत आलं याचं रिव्ह्यूंमध्ये स्वागत झालं.

"एकच बटण दाबत बसा, आपोआप जिंकाल" हे खरं का?

अर्धं खरं. गेममध्ये स्मार्ट कॉम्बो आहे, म्हणजे ए बटण नुसतं दाबत राहिलं की मारामारीची अख्खी माळ आपोआप बाहेर पडते. शिवाय स्पेशल मूव्हसाठी ते वाकडेतिकडे इनपुट नाहीत, सगळं पाव गोल फिरवण्यावर भागतं. ब्लेझब्लूमध्ये टेगर नावाच्या कॅरेक्टरची ती सुप्रसिद्ध पकड मारायला स्टिक पूर्ण ३६० अंशात फिरवावी लागायची, मनगट दुखायचं राव, इथे तीही सोपी करून टाकली.

माझाच किस्सा सांगतो. गेम घेतला त्या आठवड्यात रूममेटला कंट्रोलर दिला, त्याने आयुष्यात फिफा सोडून काही खेळलेलं नाही. त्याने रूबी आणि पर्सोनातला यू घेतले, ए दाबत बसला, अधूनमधून चुकून दुसरी बटणं लागायची, आणि मी, सहा-सात वर्षं ब्लेझब्लू खेळलेला माणूस, पहिल्या तीन मॅच हरलो. तो चहा पीत पीत खेळत होता हे जास्त लागलं. कारण मी जुन्या सवयीने प्रत्येक वेळी मध्येच बटण दाबायला जायचो आणि इथे समोरच्याचा पार्टनर आडवा येऊन मला परत झोडायचा. चौथ्या दिवशी मी नुसतं ब्लॉक करून त्याची माळ संपायची वाट बघायला शिकलो, ए आणि डी एकत्र दाबलं की जी रिव्हर्सल मूव्ह (उलटवार) निघते ती त्याच्या तोंडावर मारायला लागलो, आणि मग तो एकही मॅच जिंकला नाही. पाचव्या दिवशी त्याने विचारलं की खाली दाबून सी दाबलं की तू खालून पाय मारतोस तो कसा अडवायचा, आणि तिथून तो खेळायला लागला.

म्हणजे दार मोठं केलंय, घर लहान नाही केलं. रिव्ह्यूवाल्यांनी दाराचं कौतुक बरोबर केलं. जुन्या खेळाडूंपैकी काही जण मात्र नाक मुरडत होते की आमच्या कॅरेक्टरच्या निम्म्या मूव्ह काढून टाकल्या, आणि तेही खोटं नाही. बटणं कमी झाली की प्रत्येकाचं सामान थोडं थोडं कमी होतंच. ज्यांनी सेंट्रल फिक्शनमध्ये एकाच कॅरेक्टरवर हजार तास घातले त्यांना आपलं माणूस इथे वाळल्यासारखं वाटलं.

मग स्पर्धेत हा टिकला का?

ठीकठाक टिकला. २०१८ च्या ऑगस्टमधल्या इव्होत, म्हणजे गेम येऊन जेमतेम दोन महिने झाले असताना, तो मुख्य आठ गेममध्ये होता, जपानच्या फेनरिट्टीने जिंकलं. २०१९ च्या यादीतही होता. बघायला मजा यायची कारण स्क्रीनवर सतत चौघं असतात, पण नवीन माणसाला काय चाललंय ते कळायला वेळ लागतो, आणि "डोळे दिपतात, काही समजत नाही" ही तक्रार रिव्ह्यूंमध्येही होती. मान्य आहे.

रेझोनन्स ब्लेझ म्हणजे हरणाऱ्याला फुकटची मदत, असं म्हणतात. बरोबर?

तुमचा एक माणूस पडला की उरलेल्या एकट्याला ही अवस्था सुरू करता येते, थोडा वेळ रक्त भरून येतं, मीटर (खास हल्ल्यांसाठी साठणारी ताकद) भराभर वाढतं, हल्ले एकाला एक जोडता येतात. तिची ताकद मात्र आधी तुम्ही पार्टनरला किती वापरलंय त्यावर ठरते. म्हणजे पहिल्यापासून एकट्यानेच खेळलात तर शेवटी हातात फारसं काही येत नाही, आणि पार्टनरला सारखं बोलावत राहिलात तर तो गेल्यावरही त्याची पुण्याई कामाला येते. मला ही फार विचार करून बसवलेली गोष्ट वाटते. पहिल्या आठवड्यातल्या रिव्ह्यूंमध्ये तिला नुसतं "कमबॅक मेकॅनिक" म्हणून सोडून दिलेलं दिसतं कारण तेवढ्या दिवसांत तिचा दुसरा पदर उलगडतच नाही. दोघंही जिवंत असलेला खेळाडू समोर एकटा उरलेला बघून निवांत होतो आणि तिथेच मार खातो, हे मी शंभरदा बघितलंय, बऱ्याचदा निवांत झालेला मीच होतो.

स्टोरी मोड वाईट आहे म्हणे?

पातळ आहे. एपिसोड मोड म्हणतात, चार घरांचे वेगवेगळे मार्ग, मध्ये मध्ये तुम्ही पर्याय निवडता तशी गोष्ट फुटते. सगळे फँटम फील्ड नावाच्या कुठल्यातरी जागी खेचले जातात, एक अदृश्य आवाज सांगतो की लढा, जिंका, घरी जा. चित्रं स्थिर, संवाद भरपूर, मग एक मॅच, परत संवाद. ब्लेझब्लूच्या मूळ मालिकेची स्टोरी इतकी गुंतागुंतीची की समजून घ्यायला वही लागते, त्यामानाने हे म्हणजे बालनाट्य.

समीक्षकांनी झोडलं ते योग्यच. फक्त एक आहे, मॅच सुरू व्हायच्या आधी आणि जिंकल्यावर जोडीजोडीचे खास संवाद आहेत, वेगवेगळ्या घरची माणसं एकमेकांना टोमणे मारतात, आणि खरी गंमत तिथे लपलीय. स्टोरीत जे शोधत होतात ते स्टोरीच्या बाहेर सापडतं.

संगीत?

मस्त. ब्लेझब्लूच्या चाली दाईसुके इशिवातारीच्या, गिटार कानात घुमत राहते. यावर कुणाचंच दुमत नव्हतं, पुढे चला.

नेटकोडबद्दल रिव्ह्यूत काय होतं?

हाच तो प्रश्न. फार काही नव्हतं. रिव्ह्यू लिहिणारा गेम बाजारात यायच्या आधी खेळतो, तेव्हा सर्व्हरवर असतात मूठभर लोक, दोन-चार मॅच नीट झाल्या की "ऑनलाइन व्यवस्थित चालतं" असं लिहून मोकळा होतो. त्याचा दोष नाही, त्याला दिसलं ते त्याने लिहिलं.

गेम आला तेव्हा ऑनलाइन जुन्या पद्धतीचं होतं, ज्याला डिले म्हणतात. म्हणजे समोरच्याचं बटण तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत गेम दोघांनाही थांबवून ठेवतो. अंतर कमी असेल तर कळतही नाही. अंतर वाढलं की तुम्ही आत्ता दाबलेलं बटण थोड्या वेळाने लागतं, आणि नेट वरखाली झालं की तो उशीर पण वरखाली होतो, त्यामुळे हाताला लय सापडत नाही. रोलबॅक पद्धतीत गेम थांबत नाही, समोरचा काय करेल याचा अंदाज बांधून पुढे जातो आणि चुकला तर क्षणात मागे जाऊन दुरुस्त करतो. आपल्याकडून खेळणाऱ्यांना याचा फरक जास्त कळतो कारण असल्या गेमचे खेळाडू आपल्या शहरात सापडतच नाहीत, मॅच लागते ती दूरच्या देशातल्या कुणाशी तरी.

मग २०२० आलं, कोविड, स्पर्धा बंद, इव्होसुद्धा मैदानावर झाली नाही, सगळं जग घरून खेळायला लागलं आणि एका रात्रीत प्रश्न बदलला. "रोस्टर किती" हे कुणी विचारेना, "रोलबॅक आहे का" एवढंच. इथे ते नव्हतं, ते आलं २०२२ मध्ये, पीएस ४ आणि पीसीवर. ज्या दोषाने गेमचे खेळाडू घटले त्याला २०१८ च्या रिव्ह्यूत जागा मिळाली नाही आणि ज्या दोषाला अर्धं पान मिळालं तो वर्ष-दीड वर्षात निघूनही गेला.

निघून गेला म्हणजे?

म्हणजे २०१९ च्या नोव्हेंबरात व्हर्जन २.० आलं. कॅरेक्टर झाली ५३. चार घरांच्या जोडीला आणखी पाहुणे, अर्काना हार्टमधली हार्ट (ती त्याच वर्षी आधीच्या अपडेटमध्ये आली होती), सेनरान कागुरातली युमी, अकात्सुकी ब्लिट्झकाम्फमधला अकात्सुकी आणि ब्लिट्झटँक. हो, टँकच आहे, रणगाडा, तोही फायटिंग गेममध्ये. रूबीच्या घरातून निओ आली. आणि सगळं एकत्र असलेली स्पेशल एडिशन विकायला काढली. म्हणजे ज्याने २०२० मध्ये हा गेम उचलला त्याला "अर्धा गेम" ही तक्रार समजूच शकत नाही, त्याच्यासमोर ५३ जणांचं भरलेलं ताट. पण स्कोअर तोच राहतो, २०१८ चा, कारण रिव्ह्यू परत लिहायला कुणी बसत नाही. नव्या व्हर्जनवर थोडंफार लिहिलं गेलं, मोठ्या साइटवाले तोपर्यंत दुसरीकडे गेले होते.

ड्रॅगन बॉल फायटर झेडशी तुलना होते ती बरोबर आहे का?

होणारच. कंपनी तीच, वर्ष तेच, टॅग दोन्हीत, ऑटो कॉम्बो दोन्हीत. आणि दिसण्यात ड्रॅगन बॉलसमोर कुणाचाच टिकाव लागला नसता, थ्रीडी मॉडेलवर असा रंग चढवला की हाताने काढलेलं वाटावं. त्याच्यानंतर चार-पाच महिन्यांत शेजारी जुन्या स्प्राइटचा गेम ठेवला की तो धाकट्या भावासारखा मोठ्याचे कपडे घालून उभा दिसतो. पण खेळायला बसलं की मला क्रॉस टॅग बॅटल जास्त मोकळा वाटतो. तिथे एका टप्प्यानंतर सगळ्यांचे कॉम्बो सारखे वाटायला लागतात, इथे जोडी बदलली की खेळ बदलतो. हे माझं मत आहे, ड्रॅगन बॉलवाल्या मित्रांनी लगेच मेसेज करू नयेत.

आणि जम्प फोर्स? तोपण क्रॉसओव्हरच ना?

तो वेगळ्या कंपन्यांचा, २०१९ चा, आणि त्याला समीक्षकांनी खरंच धुतला, तिथे कुणाचा गैरसमज झालेला नाही. २०२२ मध्ये दुकानातूनही काढला. क्रॉसओव्हर म्हटलं की दोन्हींची नावं एका दमात घेतात, ते बंद करा.

रूस्टर टीथ बंद पडली, मग गेममधल्या रूबीचं काय होणार?

कंपनी २०२४ मध्ये बंद झाली हे खरं, सिरीजचे हक्क नंतर व्हिझ मीडियाने घेतले. गेम तुमच्याकडे असेल तर पोरी गेममध्येच आहेत, कुठे जात नाहीत.

आज घ्यायचा तर कुठला घ्यावा?

पीसी किंवा पीएस ४, आणि स्पेशल एडिशनच. नुसता साधा गेम स्वस्त दिसला म्हणून उचलू नका, मग वर सांगितलेला २०१८ चा सगळा राग तुम्हाला नव्याने येईल. सेलची वाट बघा. स्विचवर गेम छान पळतो, प्रवासात सोफ्यावर कुठेही खेळता येतो आणि एका घरात दोघं बसून खेळणार असाल तर बिनधास्त घ्या, पण रोलबॅक स्विचला मिळालंच नाही, त्यामुळे ऑनलाइन खेळायचा विचार असेल तर ते व्हर्जन नको. आणि घेतल्यावर पहिल्यांदा स्टोरी उघडू नका, टॅक्टिक्स मोड उघडा, ब्लॉक करायला शिका, ए दाबायला कुणी शिकवावं लागत नाही.